तळ्यात कुरमुरे टाकू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानच्या ओकायामातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे. तळ्यातले मासे दिसले की सहकुटुंब आलेली मंडळी हौसेने कुरमुरे, पाव टाकतात. न खाल्लेले तळाशी कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो. पहाटे तो सर्वांत कमी असतो, म्हणून अशा तळ्यांत मासे सकाळी वर येऊन तोंड उघडझाप करतात. ते भुकेले आहेत असे वाटून आपण पुन्हा पुडी सोडतो!

हिरवळीचेही तसेच. ओल्या गवतावर चालले की माती दबते, मुळांना हवा मिळत नाही आणि टक्कल पडते.

आगाखान पॅलेसच्या आवारात कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या आहेत. दोघेही तिथेच स्थानबद्ध असताना गेले, हे मुलांना आत शिरण्यापूर्वी सांगावे. ‘गप्प बसा’ म्हणायची वेळ सहसा येत नाही. रील काढणाऱ्या मोठ्यांचे मात्र कठीण आहे.

महापालिकेने बागांतील ‘मनाई’च्या फलकांवर एका ओळीत कारणही लिहावे. पुणेकर कारणाशिवाय ऐकत नाहीत.

एक वाचक, पुणे