कोरी वही आणि बालवाडीतले शिक्षण

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बालवाडीतून घरी आलेल्या मुलाला बहुतेक पालक पहिला प्रश्न विचारतात तो 'आज काय लिहिलंस?' हाच, आणि वही कोरी दिसली की दिवस वाया गेला असे त्यांना वाटते. ही काळजी मुलावरच्या मायेपोटीच असते. तरीही तीन ते सहा या वयातल्या मुलाची वही कोरी आहे, म्हणजे त्याचे शिक्षण झालेले नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे, असे मला ठामपणे म्हणावेसे वाटते.

पेन्सिल नीट धरता यायची तर खांदा, मनगट आणि बोटे यांच्या हालचालींचा मेळ आधी बसावा लागतो, आणि तो माती मळताना, मणी ओवताना, कागद फाडताना, एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतताना बसत जातो. त्याआधीच अक्षरे गिरवायला लावलेले मूल पेन्सिल आवळून धरते, लवकर थकते आणि पुढे लिहिण्यालाच कंटाळते. गणिताचेही तसेच. आपल्या संस्थेला १८४० मध्ये 'किंडरगार्टन' हे नाव देणाऱ्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी तयार केलेल्या साहित्यात आठ लहान घनांचा मिळून बनलेला एक लाकडी घन होता. तो सुटा करून पुन्हा जुळवता जुळवता अर्धा, पाव आणि पूर्ण यांचे नाते मुलाच्या हातांना आधी उमगते आणि त्यांची नावे मागाहून कळतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'डॉक्टर-डॉक्टर'सारखा भूमिकांचा खेळ. एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारे मूल पेशंट झाले की शांत पडून राहते, कारण खेळाचा तो नियम त्याने स्वतः स्वीकारलेला असतो. खेळात मूल आपल्या नेहमीच्या वागण्याच्या पुढे जाते, असे मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी मांडले ते याच अर्थाने. कोण डॉक्टर होणार यावरून भांडणे, रुसणे, तोडगा काढणे, औषध कसे घ्यायचे ते समजावून सांगणे, काठीला थर्मामीटर मानणे, या सगळ्यात भाषा, भावना, संयम आणि कल्पना एकाच वेळी कामाला लागतात. सर्वांगीण विकास म्हणतात तो असा एकत्रच होतो. त्याचे विषयवार तास पाडता येत नाहीत.

मात्र मुलांना मोकळे सोडून मोठ्यांनी बाजूला बसावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू करणाऱ्या मारिया मॉन्टेसरी यांनी कल्पनेच्या खेळाला फारसे स्थान दिले नाही, आणि तिथे मी त्यांच्याशी सहमत नाही. पण शिक्षकाने आधी मुलाचे बारकाईने निरीक्षण करावे, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच खरा आहे. कोणते साहित्य केव्हा पुढे ठेवायचे, कुठे एखादा प्रश्न विचारायचा आणि कुठे गप्प राहायचे, हे ठरवायला प्रशिक्षण लागते आणि वर्गात मुलेही मोजकीच असावी लागतात.

'खेळातून शिक्षण' अशी जाहिरात करून प्रत्यक्षात गिरवण्याचे कागद भरून घेणाऱ्या संस्थांनी निदान या वयाच्या लेखी चाचण्या बंद कराव्यात आणि त्यांच्याऐवजी प्रत्येक मुलाच्या निरीक्षणाच्या नोंदी पालकांना दाखवाव्यात. पालकांनीही घरी आलेल्या मुलाला आज काय बांधलेस, कोणाबरोबर बांधलेस आणि ते कोसळल्यावर काय केलेस, हे विचारून पाहावे, ही विनंती.

आपली,
एक बालशिक्षिका