घाटाला किती वेळ लागणार ते खालापूरच्या आधीच सांगा

संपादक महोदय,

महिन्यातून दोनतीनदा पनवेल-पुणे करतो म्हणून लिहितोय. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर 2024 पासून आयटीएमएस, म्हणजे कॅमेऱ्यांनी वाहतुकीवर नजर ठेवणारी यंत्रणा, सुरू झालं, कॅमेऱ्यांच्या कमानी लागल्या, आणि लोकांचा खेळ सुरू झाला, कमान दिसली की ब्रेक आणि पुढं गेलं की परत बुंगाट. पण ॲव्हरेज स्पीडपुढं हा खेळ चालत नाही, एका कमानीखाली नंबरप्लेट वाचली जाते, पुढच्या कमानीखाली परत वाचली जाते आणि मधला वेळ मोजला जातो, 10 किलोमीटर 6 मिनिटांच्या आत कापले की तुम्ही 100च्या वर, मग मध्ये ब्रेक मारा नाहीतर नका मारू. आमचा एक मित्र यावर उपाय म्हणून फूड मॉलला चहाला थांबतो, ॲव्हरेज खाली येतं म्हणे. असू दे, त्या निमित्तानं जरा पाय तरी मोकळे होतात.

एवढं काम मशीन चोख करतं, मान्य. ऊनपावसात स्पीडगन धरून पोलीस तरी किती उभे राहणार.

पण घाटात काय होतं बघा. खंडाळ्याच्या चढाला भरलेला ट्रेलर पंधराच्या स्पीडनं चाललाय, त्याला ओव्हरटेक करायला दुसरा सोळाच्या स्पीडनं मधल्या लेनमध्ये, आणि मागं आपण, क्लच दाबून दाबून पाय भरून आलेला. कॅमेरा फोटो काढणार, चलान मालकाच्या मोबाइलवर जाणार, ट्रेलर मात्र तिथंच. बंद पडला तर क्रेन लागते आणि ती क्रेनपण त्याच जाममधून वाट काढत येणार. फास्टॅगचंही तेच, 2021च्या फेब्रुवारीत सक्ती झाली, त्या टॅगमध्ये बॅटरीसुद्धा नसते, टोलवरच्या रीडरच्या रेडिओ लहरींवरच तो जागा होतो, इतकं भारी काम, पण पुढच्या गाडीत बॅलन्स नसला की मागची लाइन हॉर्न वाजवत उभी.

माझ्या भाच्यानं एडासवाली, म्हणजे धोका दिसला की स्वतः ब्रेक मारणारी आणि लेन सांभाळणारी, नवी गाडी घेतलीय. मागच्या महिन्यात पनवेल एसटी स्टँडसमोर रिक्षा आडवी आली आणि गाडीनं स्वतःहून असा ब्रेक मारला की मागच्या सीटवरची ताईची पिशवी खाली आणि डब्यातली आमटी मॅटवर. रिक्षा वाचली म्हणा. पण ती गाडी पांढऱ्या पट्ट्यांवरून लेन ओळखते आणि आमच्या रस्त्यावर पट्टे पहिल्या पावसातच गेले, त्यामुळं गावात शिरलं की तो लेनचं बटण बंद करतो, एक्सप्रेसवेला लागला की चालू. शहरांच्या चौकात एआयचे सिग्नल लावायला निघालेल्यांनी हे आधी बघावं, तिथं बाइकवाले दोन गाड्यांच्या फटीतून पुढं येतात, लेन कुठली मोजणार?

एक्सप्रेसवेवर कॅमेरे आहेतच, तर चलानाच्या जोडीला अजून एक काम त्यांच्याकडून करून घ्या. लाँग वीकेंडच्या शनिवारी सकाळी खालापूर टोलच्या बरंच अलीकडे, जिथून गाडी वळवता येते तिथं, बोर्डावर 'घाट : दीड तास' एवढंच लिहून येऊ दे. आम्ही जुन्या हायवेनं जाऊ नाहीतर घरी परत जाऊन पोहे खाऊ.

– एक नेहमीचा प्रवासी, पनवेल