तिकिटावर सावंतवाडी स्टँड, उतरवले झाराप तिठ्यावर : नाताळच्या गाडीबाबत तक्रार

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ट्रॅव्हल्स कंपनीचे मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : दि. २३ डिसेंबर २०२५ ची बोरिवली–सावंतवाडी (पुढे पणजी) एसी स्लीपर आणि दि. ४ जानेवारी २०२६ ची परतीची रद्द केलेली गाडी. चुकीच्या ठिकाणी उतरवणे, जादा भाडे, सामानाचे नुकसान आणि परतावा.

महोदय,

वरील गाडीचे नऊ बर्थ आम्ही चार कुटुंबांनी आपल्याच ॲपवरून घेतले होते. तिकिटांच्या प्रती, मेसेज आणि फोटो सोबत जोडले आहेत. फोनवर तीन वेळा तक्रार नोंदवली, तिन्ही वेळा "ऑपरेशनला कळवतो" एवढेच उत्तर मिळाले, म्हणून हे लेखी पत्र.

सगळ्यात आधी उतरण्याच्या ठिकाणाबद्दल. तिकिटावर ठिकाण "सावंतवाडी बस स्टँड" आणि वेळ पहाटे ५.३० छापलेली आहे. प्रत्यक्षात सकाळी ७.४० वाजता आम्हाला झाराप तिठ्यावर उतरवले. क्लीनरचे शब्द होते, "गाडी आत जावची नाय, हयच उतरा." झाराप ते पत्रादेवी हा चौपदरी महामार्ग सावंतवाडी शहराला बाहेरून वळसा घालून जातो, हे या मार्गावर गाड्या चालवणाऱ्या आपल्याला सांगायला नको. स्टँडवर जायचे तर झारापला महामार्ग सोडून आकेरीवरून शहरात शिरावे लागते आणि पुढे इन्सुलीला पुन्हा महामार्ग धरावा लागतो. सकाळच्या वेळी या फेऱ्याला फार तर अर्धा तास जादा लागतो. तेवढा वाचवण्यासाठी नऊ माणसे, त्यात दोन ज्येष्ठ नागरिक आणि एक तान्हे मूल, शहरापासून दहा-बारा किलोमीटर अलीकडे सामानासह रस्त्याच्या कडेला सोडली गेली. तिथून तीन रिक्षा कराव्या लागल्या, प्रत्येकी ४५० रुपये, एकूण १,३५० रुपये. गाडी उशिरा पोचली म्हणून निदान उजाडले तरी होते. ती वेळेवर आली असती, तर हेच उतरणे साडेपाचच्या काळोखात, दवात आणि एकही रिक्षा नसताना झाले असते. गाडी वेळेवर येते त्या दिवशी झारापला उतरवलेल्यांचे काय होते, याचा आपण विचार करावा.

हे चालकाच्या मनाने घडले असे आम्ही मानत नाही. गाडी मूळची पणजीची. गोव्याचे बर्थ भरून उरलेले आपण सावंतवाडीच्या नावाने विकता. मग वाटेत उशीर झाला की तो भरून काढायची जागा एकच उरते, ती म्हणजे सावंतवाडी शहर. त्या रात्री उशीर कुठे झाला याची आमच्याकडे वेळेनुसार नोंद आहे. बोरिवलीहून ६.३० ची गाडी ७.५० ला सुटली. पनवेल सोडायला १०.३० वाजले. त्यानंतर ठरलेल्या हॉटेलवर गाडी ५० मिनिटे उभी होती. इंदापूर आणि माणगाव पार करून मोकळा रस्ता लागायला २.१५ झाले. नाताळच्या आदल्या दोन रात्री माणगावात गाड्यांची रांग लागते, हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही आपण एरवीचीच अकरा तासांची वेळ छापून तिकिटे विकलीत. २२ ते २४ डिसेंबरला ही वेळ तेरा तासांची छापावी आणि गाडी दुपारी चारला सोडावी. उशीर तासाच्या वर गेला असेल तर जेवणाचा थांबा वीस मिनिटांवर आणावा. हे तीन उपाय केले तर सावंतवाडी वगळण्याचे कारण उरत नाही. शिवाय जवळपास बारा तासांच्या या प्रवासात आम्हाला गाडीवर एकच चालक दिसला. दुसरा चालक पनवेलला चढणार असे सांगितले होते, तो चढला नाही. हे उतरण्याच्या ठिकाणापेक्षाही गंभीर आहे आणि त्याचा खुलासा आम्हाला स्वतंत्रपणे हवा आहे.

नाताळला गावी जाणारा माणूस २३ ची गाडी धरतो ती २४ ची सकाळ हातात यावी म्हणून. त्या दिवशी घरात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा उभारायचा असतो, नेवऱ्या-दोदोल अशा गोडधोडाची ताटे शेजारी पोचवायची असतात, रात्री चर्चमध्ये मिस्सेला जायचे असते. वेंगुर्ले आणि शिरोड्याकडे जाणारे सावंतवाडी स्टँडवरून सकाळची एसटी पकडतात. झारापला उतरलेल्याची ती गाडी चुकते. म्हणून हा थांबा आमच्यासाठी शब्दाचा खेळ नाही. झारापला उतरायचे आहे असे आधी कळले असते तर घरच्यांना तिथे गाडी घेऊन बोलावता आले असते.

आता भाड्याचे. याच गाडीचे, याच बर्थचे मूळ भाडे १६ डिसेंबरला १,००० रुपये दिसत होते. आमच्याकडून घेतले २,६०० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी १३०, सुविधा शुल्क ४९ आणि प्रवास विमा १९, असे माणशी २,७९८ आणि नऊ जणांचे २५,१८२ रुपये. सणासुदीला भाडे वाढते हे आम्हाला मान्य आहे, पण त्याला मर्यादा आहे. राज्य शासनाच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयानुसार खासगी कंत्राटी बसला त्याच प्रकारच्या एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेता येत नाही. गर्दीच्या हंगामात आकारायची कमाल मर्यादाही हीच. हिशेब सोपा आहे. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. पाचशे किलोमीटर धरले तर ८३-८४ टप्पे होतात. त्या प्रकारच्या गाडीचा टप्प्याचा दर घ्यावा, टप्प्यांनी गुणावा आणि आलेल्या रकमेची दीडपट करावी. आपले २,६०० रुपये या चौकटीत बसायचे, तर एसटीचे भाडे १,७३३ रुपयांच्या वर असायला हवे. तसे ते असेल तर आपण कागदावर दाखवून द्यावे. नसेल तर फरक परत करावा. "डायनॅमिक प्राइसिंग आहे", म्हणजे मागणीप्रमाणे भाडे बदलते, हे आपल्या प्रतिनिधीचे उत्तर विमानाच्या तिकिटाला चालेल, कंत्राटी परवान्याच्या बसला ते लागू होत नाही.

विम्याचे १९ रुपये लहान वाटतील, पण ते आम्ही मागितले नव्हते. पैसे भरायच्या पानावर त्या चौकटीत आधीच टिक केलेली होती. ग्राहकाच्या संमतीशिवाय टोपलीत वस्तू टाकणे आणि शेवटच्या पानावर शुल्क वाढवत नेणे, हे दोन्ही प्रकार केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न्स (ग्राहकाला फसवणारी ॲपची रचना) प्रतिबंधाच्या मार्गदर्शक सूचनांत नावानिशी दिलेले आहेत. आधी टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही स्पष्ट आहे. नऊ जणांचे १७१ रुपये परत करावेत आणि ती टिक काढून टाकावी.

सामानाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हे नुकसान टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. झारापला डिकी उघडली तेव्हा डाव्या बाजूच्या दोन बॅगा तळाशी चार बोटे भिजलेल्या होत्या. डिकीच्या तळाच्या चेकर प्लेटच्या (उंचवट्यांच्या नक्षीच्या पत्र्याच्या) खाचांत करडे पाणी साचले होते, त्यात थर्माकोलचे पांढरे कण तरंगत होते आणि वास बांगड्याचा होता. हे पाणी कुठून येते ते उघड आहे. कोकणातून मुंबईला येताना डिकीत मासळीचे थर्माकोलचे खोके असतात. बर्फ वितळतो, खोक्याचा कोपरा फुटलेला असला की खारे पाणी पत्र्यावर उतरते. पाणी जायला ठेवलेले भोक माती आणि थर्माकोलने बुजलेले असते. मुंबईत गाडी बाहेरून धुतली जाते, डिकी धुतली जात नाही, आणि संध्याकाळी प्रवाशांच्या बॅगा त्यावरच लोळतात. कापडी बॅगेचा तळ खारे पाणी शोषून घेतो. आमच्या एका बॅगेची चेन दोन दिवसांत गंजली, आणि मुलाचा नाताळसाठी शिवलेला पांढरा सदरा दोनदा धुऊनही वास जात नसल्याने टाकून द्यावा लागला. बॅग आणि कपडे मिळून ४,२०० रुपयांचे नुकसान आहे, पावत्या जोडल्या आहेत. उपाय खर्चिक नाही. मासळीसाठी एका बाजूची डिकी कायमची वेगळी ठेवावी. खोक्याखाली काठ असलेला प्लास्टिकचा ट्रे घालावा. दर फेरीला पाइपने डिकी धुऊन भोक मोकळे आहे ना ते बघावे आणि प्रवाशांच्या सामानाखाली लाकडी फळ्यांची जाळी टाकावी. "सामानाची जबाबदारी प्रवाशाची" हे तिकिटामागचे वाक्य प्रवाशाच्या हातातल्या सामानाला लागू पडेल. आपल्या माणसाने कुलूप लावून बंद केलेल्या डिकीत प्रवासी लक्ष ठेवू शकत नाही.

गाडीत ३६ बर्थ होते आणि पनवेलनंतर आठ माणसे जादा होती. दोघे केबिनमध्ये, बाकीचे मधल्या वाटेत गाद्या टाकून. मागच्या आपत्कालीन दरवाजासमोर कापडाचे दोन गठ्ठे रचलेले होते, त्याचा फोटो सोबत आहे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकमध्ये खासगी स्लीपर बस पेटून १२ प्रवाशांचा जीव गेला. त्या गाडीतही क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. स्लीपरमध्ये वरच्या बर्थवरून उतरायला वाट ती एकच. त्या वाटेत माणसे झोपवणे आणि दरवाजा बुजवणे याबाबत आम्ही आरटीओला स्वतंत्र अर्ज देत आहोत.

राहिली परतीची गाडी. नऊपैकी पाच जणांची ४ जानेवारीची, सावंतवाडीहून संध्याकाळी ६ ची तिकिटे होती, मूळ भाडे २,४००. त्या दिवशी दुपारी ३.१० ला मेसेज आला, "तांत्रिक कारणास्तव गाडी रद्द." त्याच वेळी आपल्याच ॲपवर, आपलीच पणजीहून निघालेली दुसरी गाडी, सावंतवाडीला तासाभराच्या फरकाने येणारी, ३,१०० रुपयांना उपलब्ध होती. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी ऐन वेळी दुसरा मार्ग नसतो. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि या तारखांचे तेव्हाच भरून जाते. तत्काळची वेळ आदल्या दिवशीच संपलेली असते. म्हणून पाचही जणांना तीच महाग गाडी घ्यावी लागली. दोन अर्ध्या भरलेल्या गाड्यांची एक करणे हा आपला धंद्याचा निर्णय असेल, पण त्याचा भार आधी पैसे भरलेल्या प्रवाशावर टाकता येणार नाही. त्यांना त्याच भाड्यात दुसऱ्या गाडीत बसवायला हवे होते. उलट परतावाही अपुरा आला. मूळ भाड्याचे १२,००० मिळाले, जीएसटीचे ६०० आणि सुविधा शुल्काचे २४५ मिळाले नाहीत. नव्या तिकिटांचा जीएसटीसह फरक ३,६७५ रुपये, म्हणजे या एका बाबीचे ४,५२० रुपये येणे आहेत. प्रवाशाने गाडी सुटण्याआधीच्या बारा तासांत तिकीट रद्द केले तर आपण एक रुपयाही देत नाही. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे, कंपनी स्वतःहून सेवा रद्द करताना स्वतः तसेच शुल्क सोसत नसेल, तर ग्राहकाकडून रद्द करण्याचे शुल्क तिला घेता येत नाही. तरीही बारा तासांची ती अट आपल्या ॲपवर आजही तशीच आहे.

रिक्षा १,३५०, विमा १७१, सामान ४,२०० आणि परतीचे ४,५२० असे एकूण १०,२४१ रुपये, आणि वर मागितलेल्या हिशेबाप्रमाणे जाण्याच्या भाड्यातला फरक, ही रक्कम ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात जमा करावी. कूपन किंवा पुढच्या प्रवासात सवलत नको.

रकमेइतकाच आमचा आग्रह थांब्याबद्दल आहे. गाडी शहरात जाणार नसेल तर ॲपवर "झाराप तिठा" असेच लिहावे आणि भाडे तेवढेच कमी घ्यावे. किंवा झारापहून स्टँडपर्यंत आपली एक लहान गाडी ठेवावी. गणपतीत आणि मे महिन्यात हीच वेळ पुन्हा येणार आहे, आणि त्या गर्दीत झारापला उतरणारे नऊ नसतील, नव्वद असतील.

गाडीच्या ट्रॅकरची २३ आणि २४ डिसेंबरची नोंद व केबिनमधल्या कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाणार नाही याची व्यवस्था करावी. झारापहून गाडी कोणत्या रस्त्याने गेली ते त्यात दिसेल. नियमानुसार या पत्राची पोच ४८ तासांत आणि निराकरण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ खाली जिल्हा आयोगात सदोष सेवा आणि अनुचित व्यापारी प्रथेबद्दल तक्रार दाखल करू. आपल्याकडे तक्रार निवारण अधिकारी कोण आहेत, त्यांचे नाव आणि थेट क्रमांक ॲपवर कुठेही सापडला नाही, तो पोच देताना कळवावा.

कळावे,

आपले,
दि. २३ डिसेंबरच्या गाडीतील नऊ प्रवासी
(सह्या व संपर्क क्रमांक मूळ प्रतीवर)

सोबत : तिकिटांच्या प्रती, १६ डिसेंबरच्या भाड्याचा आणि ४ जानेवारीच्या दुसऱ्या गाडीच्या भाड्याचा स्क्रीनशॉट, गाडी रद्द केल्याचा मेसेज, डिकीचे व आपत्कालीन दरवाजाचे फोटो, रिक्षाचालकांच्या हस्ताक्षरातील तीन पावत्या, बॅग व कपड्यांच्या पावत्या.