अडलेल्या बोल्टवरचा माझा हात थांबवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आज शंभर काडतुसं झाडली. सगळी मीच भरलेली, गोळ्याही मीच ओतलेल्या. एकही अडलं नाही. घरी येऊन नळीतून कापड फिरवलं तर त्यावर नुसती काजळी होती, शिशाची एक चकती की कपची नव्हती. ते कापड हातात असतानाच ठरवलं, की हे पत्र आता लांबवायचं नाही. तुम्हाला समोर बसवून आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तुम्ही "मला नको सांगूस, पुढच्याला सांग" म्हणून विषय बदललात. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. कार्बाइनसाठी, म्हणजे आखूड नळीच्या रायफलसाठी, घरी काडतुसं भरायला घेणाऱ्या कुणाच्या तरी ते वेळेवर हाती पडावं.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी दोनशे काडतुसं भरून नेमबाजीच्या रेंजवर आणली होती. ९ गुणिले १९ मिलिमीटर मापाची, शिशाच्या ओतीव गोळ्यांची. आठ सुटली. नववं चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, गेलं आणि ते मागून बंद करणारा बोल्ट दोनेक मिलिमीटर अलीकडेच थांबला. मी तळहात उचलला होता, एक ठोका दिला की बसेल म्हणून. तुम्ही मागून माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "थांब पोरी. ते जात नाहीये, त्याला कारण आहे."

त्या क्षणी मला राग आला होता, हे आज कबूल करते. राग गेला तो तुम्ही समजावल्यावर. माझ्या कार्बाइनचा बोल्ट कुठे अडकून कुलूपबंद होत नाही. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच तो काडतूस धरून ठेवतो. काडतूस पूर्ण आत बसलेलं असेल तर चेंबरच्या पोलादी भिंती पितळेच्या केसला, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याला, चारी बाजूंनी आधार देतात. ते अर्धवट बाहेर असताना उडालं, तर उघडं राहिलेलं पितळ एकट्याने दाब सोसायला उरतं. या काडतुसासाठी सामी या अमेरिकी मानक संस्थेने घालून दिलेली दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. पितळाला ते झेपत नाही. ते फाटतं, आणि गरम वायू मॅगझिनच्या वाटेने, बोल्टच्या खिडकीतून, हाताकडे आणि तोंडाकडे येतो. माझा तळहात नेमका तिथेच होता.

मग तुम्ही नळी लक्ष्याकडेच ठेवायला लावलीत, मॅगझिन काढलंत, शेजारच्या दोघांना मागे सरकवलंत आणि बोल्ट सावकाश मागे ओढलात. केस बाहेर आली, पण रिकामी. गोळी नळीतल्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार उंचवट्यांत, रुतून राहिली होती आणि दारूचे दाणे आत सगळीकडे सांडले होते. ते सगळे झटकून, पुसून झाल्यावरच तुम्ही नळीच्या तोंडाकडून पितळी सळई घालून गोळी हलकेच मागे ठोकून काढलीत. तळहातावर घेऊन मला दाखवलीत. तिच्या खांद्यावर, म्हणजे नाक निमुळतं व्हायला लागतं तिथे, आट्यांचे बारीक चरे उठले होते, एकसारख्या अंतरावर. "ही गोळी तुझ्या चेंबरच्या मापाची नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी चेंबरच्या मापाची आहे," असं तुम्ही म्हणालात.

उरलेली १९१ काडतुसं मी नंतर हातोडीच्या पुलरने, म्हणजे केसमधून गोळी काढायच्या अवजाराने, एकेक करून उघडली. पाच संध्याकाळी लागल्या. त्यातली बरीचशी कदाचित सुटलीही असती. पण कुठली सुटली असती आणि कुठली नाही, हे मला माहीत नव्हतं, आणि तुमच्या दृष्टीने तेवढं कारण पुरेसं होतं.

पुढच्या रविवारी तुम्ही मला काडतुसं भरायच्या प्रेसला हातच लावू दिला नाहीत. आधी परवाना आणि नियम घरी काडतुसं भरू देतात का, ते कागदावर दाखवायला सांगितलंत. मग डमी करायला शिकवलंत: प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नाही, दारू नाही, फक्त केस आणि गोळी. माझ्या कार्बाइनची नळी सुटी होते, ती उभी धरून डमी चेंबरमध्ये सोडायची. "टप्" असा आवाज यायला हवा, बोटाने फिरवली तर मोकळी फिरायला हवी, नळी उलटी केली की आपल्या वजनाने बाहेर पडायला हवी. माझी डमी यातलं काहीच करेना. तुम्ही काळ्या मार्करने ती पूर्ण रंगवलीत, पुन्हा आत दाबून बाहेर काढलीत. शाई दोन ठिकाणी घासली गेली होती, एकदा गोळीच्या खांद्यावर आणि एकदा केसच्या तोंडाशी. म्हणजे दोष दोन होते, आणि मी एकच धरून चालले होते. विकत घेतलेल्या गेजमध्ये, म्हणजे काडतुसाचं माप तपासायच्या ठोकळ्यात, माझी काडतुसं छान बसत होती, म्हणून मी निर्धास्त होते. गेज हे कुणाचंच चेंबर नसतं, हे त्या शाईने मला दाखवलं.

केसच्या तोंडाचा हिशेब तुम्ही पेन्सिलीने पाटीवर मांडलात तो मला पाठ आहे. केसच्या भिंतीची जाडी तोंडाशी साधारण ०.०११ इंच, दोन्ही बाजूंची मिळून ०.०२२. मी गोळ्या ०.३५८ इंचाच्या ठेवत होते, कारण ओतीव गोळी जरा जाडच बरी असं कुठेतरी ऐकलं होतं. बेरीज ०.३८०. मानक काडतुसाच्या तोंडाची कमाल मर्यादाही तीच. सैल चेंबर हे चालवून घेतं. माझं घट्ट चेंबर घेत नव्हतं. शाळेतली बेरीज होती ती, पण मी कधी केलीच नव्हती.

मग किती जाड हवी? तुम्ही मऊ शुद्ध शिशाचा गोळा नळीतून ठोकत न्यायला लावलात आणि त्याचं माप मायक्रोमीटरने घ्यायला लावलंत. कॅलिपर पुढे केला तर तो बाजूला ठेवलात. नळी सहा आट्यांची होती म्हणून समोरासमोरच्या खाचा मोजता आल्या. आटे पाच असते तर साधा मायक्रोमीटर उपयोगाचा नव्हता, हेही जाता जाता सांगितलंत. माप आलं ०.३५५५. गोळी त्याहून एखाद हजारांश इंच जाड हवी, म्हणजे ती खाचा भरून काढते आणि गरम वायू तिच्या कडेने निसटत नाही. वायू निसटला की शिसं वितळवत, खरवडत जातो आणि नळीत थर बसतो. मी ०.३५६ आणि ०.३५७, दोन्ही करून पाहिल्या. ०.३५६ची नळीत थोडी धूसर रेघ सोडत होती, ०.३५७ची नाही. तीच ठेवली. बेरीज ०.३७९, टेपर क्रिंपनंतर, म्हणजे केसचं तोंड गोळीभोवती हलकं आवळल्यावर, ०.३७८. डमी "टप्" वाजली. तो आवाज ऐकून मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही दुसरीकडे बघत होतात. पण हसत होतात.

आता खांद्याचा दोष. माझ्या मनात सरळ उपाय आला होता: गोळी आणखी खोल बसवायची, म्हणजे आट्यांना लागणार नाही. तुम्ही मला सगळ्यात ठामपणे अडवलंत ते इथे. या काडतुसाची केस एवढीशी, तिच्यात गोळी जरा खोल गेली तरी दारूला उरणारी जागा पटकन कमी होते आणि दाब चढतो. शिवाय ही केस आतून खाली जाड होत जाते, त्यामुळे खोल ढकललेल्या मऊ गोळीचं बूड आवळलं जातं. म्हणजे जाडी सांभाळण्यासाठी केलेला सगळा खटाटोप केसच्या आतच वाया जातो. लांबी कमी करायचीच असेल तर दारूही सुरुवातीच्या मापावर आणायची, त्याच गोळीसाठी छापलेल्या तक्त्यावरून, आणि तिथून पायरीपायरीने वर यायचं. जॅकेटवाल्या, म्हणजे तांब्याचं कवच असलेल्या, गोळीचा तक्ता ओतीव गोळीला लावायचा नाही. शेवटी आपण गोळी ओतायचा साचाच बदलला. जिचं नाक लवकर निमुळतं होतं अशी गोळी घेतली. आटे जिथे टेकतात ती लांबी डमीने शोधली आणि त्यातून पंधरा हजारांश इंच वजा केले. गोळी फार खोल न जाता काम झालं.

मी क्रिंपसाठी वापरत होते ती कार्बाइड कड्याची डाय (काडतूस दाबून मापात आणणारा साचा) तुम्ही बाजूला काढायला लावलीत, तेव्हा मला पटलं नव्हतं. ती प्रत्येक काडतूस चेंबरमध्ये बसेल असं करून देते, मग वाईट काय? घरी एक काडतूस उघडलं, गोळी मोजली: ०.३५७ची ०.३५५ झाली होती. त्या डायने केससोबत आतली गोळीही दाबून बारीक केली होती. चेंबर खूश, नळी नाराज. आता मी साधी टेपर क्रिंप देते, गोळी आत जावी म्हणून केसचं तोंड फुलवलेलं असतं, तेवढं फक्त सरळ होईल इतकीच. काडतूस केसच्या तोंडावर टेकून उभं राहतं, म्हणून ते तोंड आत वळवायचं नाही, हे तुमचं वाक्य मी प्रेसवर चिकटवलं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट माझ्या ध्यानात आपणहून कधीच आली नसती. तोंड पुरेसं फुलवलं नाही तर गोळी बसवताना केसची कडा शिशाची बारीक कडी तासते. ती कडी चेंबरच्या पुढच्या पायरीवर जाऊन बसते. एक बसली तर कळत नाही. दहा बसल्या की अकरावं काडतूस पुरतं आत जात नाही आणि पुन्हा तोच अर्धवट बोल्ट. माझ्या चेंबरमध्ये टॉर्च धरून तुम्ही मला ती राखाडी कडी दाखवलीत. पहिली आठ सुटून नववंच का अडलं, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं.

बाकीच्या सवयींबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्या आता माझ्याच झाल्या आहेत. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. अशी दारू निवडायची की दुप्पट पडली तर केसमधून ओसंडेल. गोळी बसवण्याआधी ट्रेमधल्या प्रत्येक केसमध्ये दिवा धरून बघायचं. भरलेलं काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबून पुन्हा मोजायचं, गोळी मागे सरकली असेल तर ते बाद. आणि फार हलका भरणा कार्बाइनमध्ये करायचा नाही. पिस्तुलाच्या आखूड नळीतून जी गोळी बाहेर पडते, ती लांब नळीत वायू थकल्यावर मध्येच अडकू शकते, आणि तिच्या मागून दुसरी सुटली तर नळी फुटते. आवाज जरा जरी वेगळा वाटला, तरी हात थांबतो. परवा तसं झालं. नळी मोकळीच निघाली. पण मी आधी तपासली.

ओतकामाबद्दल मात्र विशेष आभार. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, आणि त्या कढईत पाण्याचा एक थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होऊन सगळं शिसं अंगावर उडतं, हे तुम्ही तोंडी सांगून थांबला नाहीत. तुमच्या उजव्या मनगटावरचा जुना डाग दाखवलात. तेव्हापासून पाण्यात निववलेल्या गोळ्या मी परत वितळवायच्या आधी दोन दिवस वाळवते आणि शिशाच्या लाद्या कढईच्या काठावर तापवूनच आत सोडते. ओतताना खिडक्या उघड्या, बाहीचे कपडे, चष्मा, हातमोजे. प्रेसजवळ चहाचा कपही नाही. हात गार पाण्याने आणि साबणाने, मगच घरात. तुम्ही दरवर्षी रक्तातलं शिसं तपासून घेता, तसं मीही यंदा तपासलं. आकडा ठीक आहे.

काका, मी तुमची कुणी नव्हते. तिसऱ्या लेनवर उभी असलेली एक अनोळखी मुलगी होते. तुम्ही तुमचं काम सोडून माझं मनगट धरलंत आणि मग सहा रविवार दिलेत. माझ्या दोन्ही हातांची दहा बोटं शाबूत आहेत आणि आज याच बोटांनी हे पत्र लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात शेजारच्या लेनवर एक नवा मुलगा आला होता. त्याचा बोल्ट अडला आणि त्याने तळहात उचलला. मी "थांब" म्हणाले. तुम्ही दिलेली, काळ्या शाईने माखलेली ती पहिली डमी माझ्या पेटीत असतेच. ती त्याला दिली आहे. माझ्यासाठी एक नवी करून द्याल का? या रविवारी मी केस आणि गोळी घेऊन येते.

कृपालोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपली,
तिसऱ्या लेनवरची पोरगी