व्हिडिओ पाहिला, आता माझं ऐक

प्रिय बाळ,

तू पाठवलेला स्पेनच्या बॅडमिंटनपटू कॅरोलिना मारिनचा व्हिडिओ पाहिला. जानेवारी २०१९ मध्ये जकार्त्यात गुडघा धरून रडणारी मुलगी सप्टेंबरमध्ये चायना ओपनच्या फायनलला ताई त्झु-यिंगला हरवते, आणि खाली तू लिहिलंयस, "आई, आठ महिने!" ते उद्गारचिन्ह कशासाठी आहे ते कळलं मला. निवड चाचणी तोंडावर आलीय आणि तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनलाही जवळपास तेवढेच महिने होतील. फोनवर बोलले असते तर मधेच "हो गं आई" म्हणून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहितेय.

मारिनला मी कमी लेखत नाही. २०१६ ला रिओच्या फायनलमध्ये तिनं सिंधूला हरवलं तेव्हा तिच्या त्या प्रत्येक पॉइंटनंतरच्या किंकाळ्यांना आपल्याकडे सगळ्यांनीच नावं ठेवली. मीही ठेवली, आणि अजूनही तो आरडाओरडा मला आवडत नाही. पण स्पेनसारख्या देशात, जिथे बॅडमिंटन कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, लहानपणी फ्लॅमेंको नाचणारी ही वेल्वाची मुलगी चौदाव्या वर्षी घर सोडून माद्रिदला सरावाला जाते आणि २०१४, २०१५, २०१८ असं तीनदा जगज्जेतेपद मिळवते, ही गोष्ट साधी नाही. महिला एकेरीत तिच्याआधी कुणीच तीनदा जिंकलं नव्हतं.

पण तो व्हिडिओ २०१९ मध्येच संपतो. बनवणाऱ्यानं सोयीचं तेवढं ठेवलंय. जकार्त्यात सायनाविरुद्ध १०-४ नं पुढे असताना उजवा गुडघा गेला, ते त्यात आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर डावा गेला, लिगामेंट आणि दोन्ही मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातल्या गाद्या, आणि ऑलिंपिक घरूनच बघावं लागलं, ते नाही. आणि पॅरिस तर नाहीच. २०२४ ची सेमीफायनल, समोर चीनची ही बिंगजियाव, पहिला गेम २१-१४ असा खिशात, दुसऱ्यातही मारिनच पुढे, आणि पुन्हा उजवा गुडघा. ब्रेस बांधून ती परत उभी राहिली, दोन पॉइंट गेले, आणि तिला थांबावं लागलं. ब्राँझची मॅच ती खेळूच शकली नाही. ते पदक इंडोनेशियाच्या ग्रेगोरियाला मिळालं. बिंगजियावनं रौप्यपदक घेताना हातात स्पेनचा बिल्ला धरला होता, तो फोटो तूच मला दाखवला होतास.

आठ महिन्यांत परतली म्हणून पुढचं सगळं झालं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल, दुसऱ्या वेळी तर गुडघाच दुसरा होता. पण तुझ्याच डॉक्टरांनी आपल्या दोघींसमोर सांगितलं होतं, की लहान वयात एकदा एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट, तुटलं की नुसता त्याच गुडघ्याला नाही, दुसऱ्यालाही धोका वाढतो, आणि नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांना जास्त. तू तेव्हा मोबाइल बघत होतीस. आणि आपला खेळ त्या गुडघ्याला काय करतो ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे: बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात उडी मारून ओव्हरहेड मारायचा आणि सगळं वजन एका पायावर घेऊन उतरायचं, लगेच पुढे नेटकडे लंज, लांब पाय टाकून वाकायचं. सरळ रेषेत पळता येतंय म्हणजे हे जमेल असं नाही. शिवाय मारिनच्या मागे दिवसभर तिच्याच गुडघ्याचा विचार करणारी माणसं होती. तुझा फिजिओ किती जणांना बघतो ते मी पाहिलंय. बिचाऱ्याला चहा प्यायला वेळ नसतो.

आणखी एक. परतणं आणि पहिल्यासारखं खेळणं यांत बरंच अंतर असतं. सिंधूनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला दुखऱ्या पायानं राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकलं, मग स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. जानेवारी २०२३ मध्ये मलेशियात परतली ती पहिल्याच फेरीत हरली, आणि समोर कोण होतं? मारिनच. ते अख्खं वर्ष सिंधूला एकही विजेतेपद मिळालं नाही. ती सिंधू आहे, तिला तेवढा वेळ लागला.

तुला व्हिडिओच बघायचे असतील तर कोरियाच्या आन से-यंगचं पॅरिस ऑलिंपिकमधलं बोलणं बघ. सुवर्ण जिंकल्यावर, सगळे अभिनंदन करत असताना, तिनं सांगितलं की तिची गुडघ्याची दुखापत समजली गेली त्यापेक्षा गंभीर होती आणि ती ज्या तऱ्हेनं हाताळली गेली त्यावर ती नाराज आहे. बावीस वर्षांची मुलगी, आपल्याच संघटनेविरुद्ध. मला त्या सुवर्णापेक्षा ते जास्त भावलं. तू मात्र गेल्या आठवड्यात कोचना "काही दुखत नाही सर" म्हणालीस, आणि रात्री मला बर्फाच्या पिशवीचा फोटो पाठवलास.

बाबा म्हणतात, आता अभ्यासाला लाग. काकू म्हणते, मुलीच्या जातीला गुडघे पुढे लागतात. त्या दोघांचं मी बघून घेते, तू त्यात पडू नकोस. खेळ सोड असं मी म्हणणार नाही, आणि ही चाचणी देऊ नकोस असंही आज म्हणत नाही.

एवढंच कर. शनिवारी फिजिओकडून दोन्ही पायांच्या ताकदीची चाचणी करून घे, एका पायावरच्या उड्यांचीही. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या खाली असेल तर यंदा अर्ज भरायचा नाही, आणि त्यावर रडारड चालेल पण वाद चालणार नाही. वर असेल तर डॉक्टरांची वेळ घे, मी रजा टाकून येते, आपण दोघी त्यांना विचारू. ते हो म्हणाले तर अर्जाचे पैसे त्याच दिवशी भरू. आकडे लिहून पाठव, "ठीक आहे" असं नको.

आणि कोचना ते दुखण्याचं सांग. तू सोमवारपर्यंत सांगितलं नाहीस तर मी फोन करणार आहे.

तुझी,
आई