तेरा डिसेंबरच्या रात्री हायमास्ट बंद ठेवा: ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

माण तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. दरवर्षी 13 डिसेंबरच्या रात्री आम्ही गच्चीवर गोधड्या अंथरून आडवे होतो. त्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव ऐन भरात असतो. पुनर्वसूचे तारे रात्री दोनच्या सुमारास माथ्यावर येतात आणि उल्का तिथूनच निघाल्यासारख्या वाटतात. ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव आमच्याकडे बहुधा ढगांत जातो. म्हणून आमची सगळी भिस्त डिसेंबरवर.

बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे. हा फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. 1983 साली सापडलेला हा लघुग्रह दीड वर्षाच्या आतच सूर्याभोवती फेरी मारतो. त्याच्या वाटेवरचे कण सेकंदाला 35 किलोमीटर वेगाने आपल्या हवेत शिरतात. इतर कित्येक वर्षावांच्या मानाने हा वेग कमीच, त्यामुळे 'ती बघ' म्हणायला सवड मिळते. पुरता अंधार असेल तर तासाला शंभराच्या आसपास उल्का दिसू शकतात.

चार वर्षांपूर्वी देवळासमोर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा दिव्यांचा झुबका, बसला. नारळ फुटला, पेढे वाटले, मीही आनंदाने खाल्ले. चौक उजळला, बायाबापड्यांना रात्री ये-जा सोपी झाली, हे मी विसरलेले नाही. पण त्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे नाहीत, समोर आहेत. अर्धा उजेड आमच्या गच्चीवर आणि आभाळात जातो.

गेल्या डिसेंबरात गच्चीवरून तासाभरात सात उल्का मोजल्या. मग भाच्याला घेऊन टेकडीपलीकडे शाळूच्या रानात गेले. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागला. त्यानंतरच्या तासात एकेचाळीस! अंधारात चाचपडत वहीवर रेघा ओढत होते, पाचवी आडवी. सकाळी पाहिलं तर कितीतरी रेघा एकमेकींवर चढलेल्या.

आई गच्चीवरच राहिली होती. तिचे गुडघे टेकडी चढत नाहीत. तरुणपणी रात्रीच्या पाण्याला जाताना ती तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, बघून वेळ सांगायची. आम्ही परतलो तेव्हा ती उजेडाच्या बाजूने पदर आडवा धरून बसली होती.

साहेब, दिवे काढा असं मी म्हणत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं काळोखं आभाळ जपणारं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी भोवतालच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. आपल्याच राज्यात हे झालं आहे. मग नवा हायमास्ट मंजूर करतानाच 'उजेड खाली पडेल असा, वर झाकण असलेला दिवा' ही अट का घालू नये? जुन्या खांबांवरचे दिवे निदान खाली वळवता येतील.

आणि एक परिपत्रक यंदाच काढा: 13 डिसेंबरच्या रात्री बारा ते पहाटे चार, ज्या ग्रामपंचायतींची तयारी असेल त्यांनी हायमास्ट बंद ठेवावा. 2026 साली त्या रात्री चंद्रही लवकर मावळतो आहे. आमच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणारच आहे, पण मंत्रालयाचा कागद हातात असला की सरपंचांना कळ दाबायला बळ येतं.

आईची गोधडी मी गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात अंथरणार आहे.

आपली नम्र,
माण तालुक्यातील एक शिक्षिका