मोरीच्या मुस्कटावरची भोकं

फोंडा, गोवा

चि. सईस अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर तू विचारलंस, डोळे, कान, नाकपुड्या सगळं मिटून बुडी मारणाऱ्या प्लॅटिपसला, त्या बदकासारख्या चोचीच्या ऑस्ट्रेलियन प्राण्याला, खाणं सापडतं कसं? तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहितेय.

उत्तर त्याच्या चोचीत आहे. त्या मऊ कातडीत वीज ओळखणारी सुमारे ४०,००० केंद्रं आहेत. झिंग्याने शेपूट झटकली की स्नायूंतली क्षीण वीज पाण्यात पसरते, ती या चोचीला कळते. म्हणून तर तो डोकं सारखं डावी-उजवीकडे हलवत पोहतो. हे शोधनिबंधातून जगापुढे आलं १९८६ साली.

पण मला जास्त ओढ वाटते ती आपल्या मोरीची, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या छोट्या शार्कची. बाजारात तिचं मुस्कट नीट बघ. बारीक भोकं दिसतील, दाबलं तर आतून चिकट जेली येते. लोरेन्झिनी नावाच्या इटालियन माणसाने १६७८ मध्येच त्यांचं वर्णन केलं होतं, पण ती वीज ओळखण्यासाठी आहेत हे जवळजवळ तीन शतकं नीट उलगडलं नव्हतं.

काल्माइन या डच संशोधकाने १९७१ मध्ये एक प्रयोग मांडला. जिवंत चपटा मासा अगारच्या, म्हणजे वीज जाऊ देणाऱ्या जेलीच्या, कप्प्यात झाकून वाळूत पुरला. दिसायला काही नाही, वास थेट वर यायची सोय नाही, तरी शार्क नेमकी त्याच्यावरच झेपावली. मग कप्प्यावर वीज अडवणारा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घातला, तर शार्क वरून सरळ निघून गेली! शेवटी मासाच काढला आणि तेवढीच वीज देणारे इलेक्ट्रोड (विजेची टोकं) पुरले, तेव्हा ती वाळू उकरून त्यांनाच चावली. एकेक शंका अशी बाजूला सारत जाणं मला फार सुंदर वाटतं. तुझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत हीच शिस्त यावी असं मनापासून वाटतं.

हवेतून वीज सहज वाहत नाही, खारट पाण्यातून वाहते. म्हणून ही शक्ती मुख्यतः पाण्यातल्या जिवांकडे. शार्ककडे ती फार प्राचीन पूर्वजांकडून आली. प्लॅटिपसच्या वंशात ती नव्याने घडली, तीही श्लेष्मा (चिकट स्राव) सोडणाऱ्या ग्रंथींतून, आणि संदेश नेते ती चेहऱ्याला स्पर्श कळवणारी नस. त्याच्या जमिनीवरच्या काटेरी भावंडाच्या, एकिड्नाच्या, नाकाडावरही अशी थोडी केंद्रं आहेत. ओल्या मातीत ती कितपत उपयोगी पडतात, हे तुमच्या सरांना विचार आणि मला कळव.

तुझी,
आई